एनजी टेक कुठे गेले?



मी व्हिडिओ एडिटर आहे. दुसऱ्यांनी शूट केलेलं घ्यायचं, त्यातलं नको ते काढायचं आणि उरलेलं असं जोडायचं की जोड दिसू नये, हे माझं काम. मालिका, जाहिराती, हंगामात लग्नंसुद्धा. आमच्याकडे फसलेल्या टेकला ‘एनजी’ म्हणतात, नो गुड. तीस सेकंदांच्या जाहिरातीसाठी तासन् तास शूटिंग होतं आणि त्यातलं बहुतेक एनजीच असतं. ते तुम्हाला दिसू नये याचेच मला पैसे मिळतात. आज मी माझ्याच धंद्याची थोडी पोल खोलणार आहे.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा चिनू सुट्टीला माझ्याकडे आला होता. चौथीतून पाचवीत गेलेला. शेजाऱ्यांनी नवा फ्रिज घेतला, त्याचं रिकामं खोकं जिन्यात पडलं होतं. ते ओढत घरात आणून म्हणाला, “मावशी, मी चोवीस तास या खोक्यात राहणार. चॅलेंज आहे.” सोबत चिवड्याचा डबा, पाण्याची बाटली, टॉर्च. मी त्याच खोलीत काम करत बसले होते, खोक्याला वरून झाकण नव्हतं, म्हटलं राहू दे. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला. घामाने भिजलेला आणि रडवेला. मी पंखा वाढवला, सरबत दिलं, तरी हुंदके थांबेनात. शेवटी म्हणाला, “व्हिडिओतली ती मुलं माझ्याहून लहान होती मावशी. त्यांना जमलं.”

चॅलेंजच्या व्हिडिओत हात-पाय मोडतात की काय, एवढीच भीती आपल्याला असते. हे दुखणं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी तो व्हिडिओ लावला. आधी आवाज बंद केला. एडिटर लोक हे नेहमी करतात. संगीत, टाळ्या आणि ते खोटं हसू काढून टाकलं की चित्र उघडं पडतं. मग मी त्याला म्हटलं, पाण्याच्या बाटलीकडे बघ. ‘तास तिसरा’ अशी पाटी आली तेव्हा बाटली अर्धी. ‘तास नववा’ आला तर बाटली पुन्हा काठोकाठ. खिडकीच्या गजांची सावली दुसऱ्या तासाला जिथे पडली होती, चौदाव्या तासालाही तिथेच. आणि ‘रात्र’ झाली ती चक्क दिवसा शूट करून वर निळा रंग चढवलेली. चिनू डोळे विस्फारून म्हणाला, “म्हणजे ते मधे घरी गेले होते?” म्हटलं, घरीच असतील, सोफ्यावर बसून भेळ खात. तो इतका हसला की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून घरात फौजदार अवतरला. कुठलाही व्हिडिओ लागला की, “थांब! इथे कापलंय!”

आपण आईवडील, मावश्या, आजोबा, एकच प्रश्न घेऊन बसतो: हा व्हिडिओ मुलांना दाखवावा की नाही? त्याचं उत्तर शोधायला हाताशी फारसं काही नसतं. सिनेमाला प्रमाणपत्र लागतं. 2023 च्या दुरुस्तीपासून तर यूएमध्येसुद्धा 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे झाले. ओटीटीवरच्या मालिकांनाही वयाची पाटी लावणं 2021 च्या नियमांनी बंधनकारक केलं. पण कुणीही उठून टाकलेल्या चॅलेंजच्या व्हिडिओला असलं प्रमाणपत्र नसतं. ‘फॅमिली फन’ हे नाव तो टाकणारा स्वतःच देतो. म्हणून मी प्रश्न बदलला. यातलं काय कापलंय, आणि चौकटीबाहेर कोण उभं आहे, एवढंच मी विचारते. हा प्रश्न मूलही विचारू शकतं, हा त्याचा मोठा फायदा.

आता तुम्ही म्हणाल, पैजा काय आम्ही लावल्या नाहीत? लावल्या की. आपल्याकडे तर दरवर्षी भर रस्त्यात चॅलेंज टांगलेलं असतं, दहीहंडी. पण हंडीला एनजी टेक झाकता येत नाहीत. पाच थर लागतात, सहाव्याला खालचा पाय थरथरतो, सगळे कोसळतात, आणि हे खाली उभ्या पोराला समोर दिसतं. कुणाचा खांदा निखळला, कुणाला उचलून नेलं, तेही दिसतं. हे सगळं दिसत होतं म्हणूनच तर समाजात भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2017 मध्ये 14 वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवणार नाही, अशी हमी राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दिली. व्हिडिओत एकदाच चढतात आणि एकदाच फोडतात. पडलेले सगळे माझ्यासारखीच्या कॉम्प्युटरवर डिलीट झालेले असतात.

दालचिनीचं उदाहरण घ्या. 2012 च्या सुमारास अमेरिकेत या चॅलेंजचा भारी सुकाळ होता. चमचाभर दालचिनीची पूड पाण्याशिवाय एका मिनिटात गिळायची. ऐकायला किती साधं, आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच वस्तू. पण त्या पुडीने तोंडाची लाळ शोषली जाते, ठसका लागतो, आणि ठसक्यासरशी पूड श्वासनलिकेत ओढली जाते. दालचिनी म्हणजे झाडाची साल. तिचा चोथा फुप्फुसात विरघळत नाही, तिथेच राहून दाह करतो. तिथल्या विषबाधा केंद्रांकडे 2011 च्या अख्ख्या वर्षात 51 फोन आले होते, ते 2012 च्या पहिल्या सहा महिन्यांत 178 झाले. व्हिडिओत काय दिसायचं? तोंडातून उडणारा तपकिरी धुरळा आणि मित्रांचं खिदळणं. ठसका जिथे हसण्यासारखा राहिला नाही, तिथून पुढची क्लिप कुणी टाकेल?

किंवा 2018 चं ते किकी चॅलेंज. चालत्या गाडीतून उतरायचं आणि गाडीसोबत नाचत राहायचं. हे व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला नाचणारा दिसलाच नाही, माझं लक्ष कॅमेऱ्याकडे. अहो, हे शूट कोण करतंय? बऱ्याचदा खुद्द ड्रायव्हर! एक हात स्टीअरिंगवर, एका हातात मोबाइल, आणि डोळे रस्ता सोडून बाजूला. नाचणाऱ्याइतकाच धोका चौकटीबाहेर बसला होता. आपल्याकडे तिघा तरुणांनी हाच प्रकार विरारला लोकलच्या दारात आणि फलाटावर केला. वसईच्या रेल्वे न्यायालयाने त्यांना तीन दिवस वसई स्टेशन साफ करायला लावलं. मला ही शिक्षा फार आवडली.

आणखी एक गोष्ट चौकटीत कधीच मावत नाही, ती म्हणजे आपलं स्वतःचं मूल. अमेरिकेत एक भयंकर तिखट चिप विकायला होती, शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात एकच. मुलांपासून दूर ठेवा, अशी सूचना खोक्यावर छापलेली होती. व्हिडिओत सूचना वाचून दाखवण्यात काय गंमत? 2023 च्या सप्टेंबरात ती चिप खाल्ल्यावर 14 वर्षांचा एक मुलगा दगावला. शवविच्छेदनात तिखटातल्या कॅप्सेसिनसोबत त्याच्या हृदयातले दोषही नोंदले गेले. कंपनीने माल दुकानांतून काढून घेतला. चिनूला दमा आहे. कुठल्या व्हिडिओला ते कसं ठाऊक असणार? ते मला आणि ताईलाच ठाऊक.

म्हणून काही बाबतींत मी फौजदारकी वगैरे काही करू देत नाही, सरळ नाही म्हणते. श्वास अडवणं, आग, उंची, रस्ता आणि रूळ, आणि खायची नसलेली वस्तू तोंडात घालणं. यातला श्वासाचा प्रकार तर मोबाइलहून जुना आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 1995 ते 2007 या काळातल्या मुलांचे असे 82 मृत्यू मोजले होते, आणि त्यातली बरीच वर्षं यूट्यूबचा जन्मही झाला नव्हता. ज्या घरांचा तपशील हाती आला, त्यांतल्या बहुतेक आईवडिलांनी असा काही खेळ असतो हेच ऐकलं नव्हतं. मुलाचे डोळे लाल दिसत असतील, मानेवर वळ असेल, खोलीची कडी सारखी आतून लागत असेल, तर ओरडू नका. जवळ बसा, विचारा, डॉक्टरांकडे न्या.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आज रात्री घरोघरी मोबाइल जप्त व्हायचे. टिकटॉकने 2021 मध्ये दहा देशांत एक पाहणी करवून घेतली होती. पैसे कंपनीचे, तेव्हा आकडा थोडा हातचा राखूनच घ्या. पण चॅलेंजमध्ये भाग घेतलाय असं साधारण पाचातल्या एका मुलाने सांगितलं, आणि खरोखर घातक चॅलेंज केलेली मुलं हजारात तीन निघाली. बाकीचा माल म्हणजे बाटली उलटी करून उभी करणं, हसू दाबणं, नाच. 2014 मध्ये लोकांनी बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली, त्यातून एएलएस या दुर्धर आजारासाठी कोट्यवधी डॉलर उभे राहिले. ते पाहून हैदराबादच्या मंजूलता कलानिधी यांनी पाण्याऐवजी तांदळाची बादली गरजूला द्यायचं चॅलेंज काढलं. पाणी वाचलं आणि चूलही पेटली.

आणि आपले फॅमिली ग्रुप! तेही एडिटरच, फक्त बिनपगारी. 2019 च्या सुरुवातीला ‘मोमो’चा तो फोटो आठवतो? बटबटीत डोळे, कानापर्यंत फाटलेलं तोंड, मुलांना जीव द्यायला लावते म्हणे. ते जपानमधल्या एका कलाकाराने बनवलेलं शिल्प होतं, 2016 मध्ये टोकियोतल्या गॅलरीत मांडलेलं. पूर्ण शिल्प पाहिलंत तर खाली पक्ष्याचे पाय आहेत. कुणीतरी पाय कापले, चेहरा ठेवला आणि बाई जगभर फिरली. मूळ पुतळा तोवर कुजल्यामुळे टाकूनही दिला होता. मुलांना घाबरवलं ते ‘सावध राहा’ म्हणून फोटो पुढे ढकलणाऱ्या आपण मोठ्यांनीच. ब्लू व्हेल या खेळाचंही पाहा, तोही म्हणे मुलांना जीव द्यायला लावायचा. 2017 मध्ये आपल्याकडे काही मुलांच्या आत्महत्यांचं खापर त्याच्यावर फुटलं आणि किती हाहाकार झाला. मग सरकारी समितीने त्या मुलांच्या मोबाइलपासून सगळं तपासलं, आणि त्या घटनांत असा खेळ असल्याचं सिद्ध होऊ शकलं नाही, असं 2018 च्या जानेवारीत सरकारने संसदेत सांगितलं. ती मुलं मात्र गेलीच होती. खेळाच्या नावाखाली त्यांचं खरं दुःख कुणी विचारलंच नाही, असं मला राहून राहून वाटतं. तुमच्या मुलाला कुणी खरोखर धमकावत असेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. ग्रुपवर टाकून काही होत नाही.

चिनूचं राहिलंच. जाण्याआधी त्याने स्वतःचं चॅलेंज काढलं: रिकामी बाटली उडवून देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर उभी करायची. शूटिंग मी केलं. सदतिसाव्या वेळी जमली. मी सवयीने छत्तीस एनजी कापायला घेतले, तर त्याने माझा हात धरला. “मावशी, सगळं ठेव.” सगळं ठेवलं. मधे एकदा बाटली समईवर आपटते आणि आई आतून ओरडते, तेही आहे. अकरा मिनिटांचा व्हिडिओ झालाय. जगाला दाखवायचा नाही, फक्त घरच्यांना पाठवायचा, असं आमचं ठरलं. आतापर्यंत ताईने तो पळवत पळवत पाहिला, भाऊजी मधेच झोपले. आईने मात्र तीनदा पाहिला आणि तिसऱ्या वेळी चिनूला फोन करून म्हणाली, “अरे, बाविसाव्याला जरा उभी राहिली होती की रे.”