कागदाचं टायटॅनिक आणि वीस बोटी

आजचा विषय जरा वेगळा आहे. दिवसभर मी कोड लिहितो आणि रात्री जेवण झालं की कागद कापतो. गेले आठ महिने माझ्या टेबलावर टायटॅनिक उभं राहतंय. अख्खं कागदाचं!

आधी आकार सांगतो. खरं जहाज २६९ मीटर लांब होतं. माझं मॉडेल १:२०० स्केलचं, म्हणजे खऱ्या जहाजाचे दोन मीटर माझ्याकडे एक सेंटिमीटर होतात. एकूण लांबी जवळपास १३५ सेंटिमीटर. आई रोज विचारते, "झाल्यावर ठेवणार कुठे हे?" उत्तर अजून शोधतोय.

बनवतात कसं? सगळे भाग शीटवर छापलेले असतात. आधी सांगाडा करायचा. जाड पुठ्ठ्याचा लांब कणा आणि त्याला आडव्या फासळ्या, खाचेत खाच बसवून. हे सपाट काचेवरच करायचं, कारण सांगाड्याला एकदा पीळ बसला की तो काही केल्या निघत नाही. इथे अनडू नाही! मग बाहेरचं आवरण, डेक आणि चार धुराडी. कागदातल्या तंतूंना दिशा असते. तंतू धुराड्याच्या उंचीला समांतर ठेवून गुंडाळलं तर ते छान गोल येतं, नाहीतर चुण्या पडतात. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घ्यायचा, जास्त झाला की कागद फुगतो. आणि कापलेली कड पांढरी दिसते, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडेला रंग लावायचा. हो, प्रत्येक!

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात मी लाइफबोटी केल्या. मोठी बोट साधारण साडेचार सेंटिमीटरची. एकेक करून सगळ्या झाल्या आणि टेबलावर रांगेत मांडल्या. एकूण वीस. १४ मोठ्या, २ लहान आणि ४ घडीच्या.

टायटॅनिकवर बोटी कमी होत्या हे आपल्याला सिनेमामुळे माहीत असतं. पण मी त्या डेकवर चिकटवल्या तेव्हा वेगळंच दिसलं. लाकडी बोटी प्रत्येक बाजूला आठच, चार पुढे आणि चार मागे. मधला मोठा पट्टा रिकामा! म्हणजे जागा होती. बोटी टांगायचे डेव्हिटसुद्धा एकापेक्षा जास्त बोटी पेलतील असे होते. तरी वीसच.

का? कारण नियम तेवढाच होता. तेव्हाचा ब्रिटिश नियम जहाजाच्या टनांवर चालायचा, माणसांवर नाही. १०,००० टन किंवा त्याहून मोठं जहाज असेल तर १६ बोटी पुरे. टायटॅनिक होतं सुमारे ४६,००० टनांचं. त्यांनी तर चार बोटी जास्तच दिल्या! कागदोपत्री सगळं ओके. बोटींत जागा ११७८ जणांची, जहाजावर माणसं सुमारे २२००. त्यातही कित्येक बोटी अर्ध्या रिकाम्याच खाली सोडल्या. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज बुडालं आणि जवळपास १५०० जण गेले.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हे मला फार ओळखीचं वाटलं. चेकलिस्ट हिरवी, सगळ्या टेस्ट पास, ऑडिट क्लिअर. पण ही यादी लिहिली तेव्हा सिस्टिम केवढी होती आणि आज केवढी आहे, हे कुणी विचारतं का? नियम जुना राहतो आणि जहाज वाढत जातं. आता रिलीजच्या मीटिंगमध्ये मी एक प्रश्न हमखास विचारतो : "नियमात बसतं, ठीक आहे. पण माणसं किती आहेत?" लोक जरा वैतागतात. वैतागू देत.

हे सगळं मी आधी वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. पण वाचलेला आकडा दुसऱ्या दिवशी विसरायला होतो. स्वतः कापून, वळवून, चिकटवलेल्या वीस बोटी विसरता येत नाहीत.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एकदम एवढं मोठं घेऊ नका. एखादी छोटी होडी किंवा दीपगृह घ्या. धारदार कटर, स्टीलची पट्टी, फेविकॉल आणि टूथपिक, बस. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एका हाताने कागद कापता येत नाही!

माझी अजून दोरखंडं आणि रेलिंग बाकी आहेत. तुमच्या कामात असा एखादा जुना नियम आहे का, तेवढं नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!