पानावरचा ठिपका आणि पानावरचे पाणी



 पालेभाज्यांच्या रोगांवरील या परिषदेत लेट्यूसच्या पानांवरील ठिपक्यांना वेगळे सत्र कशाला, असा प्रश्न काहींनी विचारला होता. ऊस, कांदा, सोयाबीन यांच्यापुढे या पिकाचे क्षेत्र नगण्य आहे, हे मान्य. पण टोमॅटोच्या पानावर करपा आला तरी हाती काही फळ लागते. लेट्यूसमध्ये पान हाच माल आहे. बाहेरच्या चार पानांवर ठिपके पडले की गड्डा प्रतवारीतून बाहेर जातो. शिवाय हे पान कोणी शिजवत नाही, सोलत नाही. पुनर्लागवडीपासून साधारण दीड-दोन महिन्यांत पीक काढणीला येते, त्यामुळे फवारणी आणि काढणी यांत अंतर राखायला दिवसच थोडे उरतात. पानावर आपण जे मारतो, ते खाणाऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त आहे.

म्हणून आज मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. ठिपका दिसला की बुरशीनाशकाचा पंप पाठीवर घ्यायचा, ही आपली सवय मोडली पाहिजे. कारण सगळे ठिपके एका जातीचे नसतात. सेप्टोरियाच्या ठिपक्यात भिंगातून बारीक काळे कण दिसतात. ती त्या बुरशीची बीजाणूंची कोठारे. सर्कोस्पोराच्या तपकिरी ठिपक्याचा मध्य राखाडी-पांढरट होतो, आणि हा रोग उष्ण, दमट हवेत बळावतो. मायक्रोडोकियमला उलट गारवा आणि ओल लागते; त्याच्या ठिपक्यांचा मधला भाग गळून पानाची चाळण होते. ब्रेमिया, म्हणजे लेट्यूसवरचा केवडा, पानाच्या वरच्या बाजूला पिवळट कोनाकृती डाग आणि खाली पांढरी लव दाखवतो, पण तो खऱ्या बुरशींच्या कुळातलाच नाही. आणि शिरांच्या मर्यादेत अडकलेले, तेलकट दिसून पुढे काळे पडणारे डाग झँथोमोनास या जिवाणूचे असतात. आता कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे ते सर्रास मारले जाते, पण केवड्यावर ते चालत नाही आणि जिवाणूवरही नाही. निदान चुकले की पैसा जातो, रोग वाढतो, औषधाचा अंश मात्र पानावर राहतो. अंशाची किंमत महाराष्ट्राला नवी नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, आणि तो फटका बागायतदार अजून विसरलेले नाहीत.

इतके वेगवेगळे रोग, पण त्यांचे एक साम्य फार उपयोगाचे आहे. या सगळ्यांना पान ओले लागते. बीजाणू रुजायला पाण्याचा पातळ थर हवा, आणि सेप्टोरिया, मायक्रोडोकियम किंवा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातात ते मुख्यतः उडणाऱ्या थेंबांबरोबर. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात, जिथे लेट्यूसची प्रचंड लागवड होते, वसंतात पाऊस लांबला की मायक्रोडोकियम डोके वर काढतो. कोरड्या वर्षी तो फारसा जाणवत नाही. त्यामुळे तुषार सोडून ठिबक, संध्याकाळऐवजी सकाळी पाणी, दोन ओळींत वारा खेळेल इतके अंतर, मातीचे शिंतोडे अडवणारे मल्चिंग, हेच या पिकाचे पहिले औषध आहे. सेप्टोरिया आणि झँथोमोनास बियाण्यातूनही येतात, म्हणून खात्रीचे बियाणे घेणे हा त्याआधीचा टप्पा. सेप्टोरियासाठी बियाणे 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 मिनिटे ठेवण्याची पद्धत आहे. उगवणीला धक्का बसू शकतो, तेव्हा आधी थोड्या बियाण्यावर करून पाहावे.

यावर शेतकरी विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत प्लॉट हातचा गेला तर? हा आक्षेप खरा आहे. पण वर सांगितलेल्या खुणांतल्या बहुतेक दहापट भिंगाने बांधावरच ओळखता येतात. जिवाणूची शंका असेल तर डागाची कड कापून पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरली की जिवाणूंचा लोट बाहेर पडताना दिसतो; त्याला काही मिनिटे पुरतात. दुसरा आक्षेप पावसाळ्याचा. आभाळातून पडणारे पाणी ठिबकने कसे थांबवणार? थांबवता येत नाही. त्या दिवसांत छपराखाली लागवड करावी, आणि ते शक्य नसेल तर भर पावसातले पीक सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरा आक्षेप असा की प्रतिबंधक फवारणी स्वस्त पडते. एका पंपाचा हिशेब केला तर पडते. पण एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारल्याने रोगकारकात प्रतिकारशक्ती येते, आणि खरी गरज असते तेव्हा ते औषध हातात उरत नाही. फवारणी कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. रोग ओळखून, त्या पिकासाठी शिफारस असलेले औषध, काढणीपूर्व दिवस पाळून मारावे.

शास्त्रज्ञ मित्रांना माझी विनंती आहे की आपल्या हवामानात यांतला कोणता ठिपका कोणत्या महिन्यात येतो, याची तालुकावार नोंद ठेवण्याचे काम या परिषदेतून सुरू करा. शेतकऱ्याने आणलेले पान कृषी विज्ञान केंद्रांनी त्याच दिवशी तपासून द्यावे. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या बांधवांनी पान पाहिल्याशिवाय बाटली देऊ नये. आणि शेतकऱ्यांनो, पुढच्या लागवडीआधी एक भिंग विकत घ्या.