डोंगरवाटेवरचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



अपंगांच्या प्रश्नांवर बोलावयाचे म्हटले की आपण निवृत्तिवेतन, प्रमाणपत्र आणि नोकरीतील राखीव जागा येथवर येऊन थांबतो. हे प्रश्न निकडीचे आहेतच. परंतु आज मी डोंगरातील सायकलिंग आणि मैदानी साहसी खेळ यांविषयी बोलणार आहे. ज्याला दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे त्याला हिमालयाची वाट कशाला हवी, असे आपल्या मनात येईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने गेली. २०१६ साली त्यांनी मनालीहून खारदुंग-ला खिंडीपर्यंतचा प्रवास टँडेम, म्हणजे दोघांनी चालवावयाच्या सायकलीवरून केला. ही खिंड ५,३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने पुढे अशा मोहिमांत अपंग आणि अव्यंग स्वारांना एकत्र नेले.

या सायकलीची रचना विचार करण्याजोगी आहे. पुढचा स्वार वाट पाहतो, हँडल आणि ब्रेक सांभाळतो. मागचा पायडल मारतो. दोघांची पायडले साखळीने जोडलेली असतात. चढावर मागच्याने जोर लावला नाही तर पुढच्याला दिसत असूनही गाडी वर जात नाही. तेथे कोणी कोणावर उपकार करीत नाही. दोघांचे श्रम एकत्र येतात. ज्यांचे पाय अधू आहेत त्यांच्यासाठी हातांनी फिरवावयाची तीनचाकी सायकल असते. मात्र तिला रुंद वाट लागते. वाटेच्या तोंडाशी अरुंद फाटक असले की प्रवास तेथेच संपतो. तेव्हा माणसाला अडविले कोणी, पायांनी की फाटकाने? फाटक तर आपणच उभारलेले असते. अपंगत्वाचा मोठा भाग समाजाने निर्माण केलेला आहे, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

आपला समाज वीरांचे कौतुक करतो आणि व्यवस्था आहे तशीच ठेवतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. या काळात आपल्या तालुक्याच्या किती तलावांत अपंग मुलाला उतरता येईल अशी सोय झाली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आपल्या चळवळीला हा विषय परका नाही. १९८५-८६ साली बाबा आमटे यांनी कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ सायकल यात्रा काढली. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नव्हते. तरुण सायकली चालवीत होते आणि बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्याबरोबर चालले होते. शरीर साथ देत नाही म्हणून त्यांना घरी बसवून ठेवावे, असे कोणाला वाटले नाही.

‘पडशील, लागेल’ या काळजीपोटी अपंग मुलाला, आणि त्याहून अधिक अपंग मुलीला, आपण घरात कोंडतो. वस्तुतः गरीब अपंग माणूस रोजच जीव धोक्यात घालतो. फुटलेल्या पदपथावर, लोकलच्या गर्दीत, उघड्या गटाराशेजारी. तो धोका त्याने निवडलेला नसतो. स्वतः निवडलेला धोका पत्करता येणे हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि आज तो केवळ पैसेवाल्यांना उपलब्ध आहे.

याचे कारण आर्थिक आहे. अशा साधनांना ग्राहक थोडे, म्हणून किंमत जास्त. किंमत जास्त, म्हणून ग्राहक थोडे. हे चक्र बाजार तोडणार नाही. ते सार्वजनिक खरेदीने आणि सामायिक मालकीनेच तुटेल. एकेकट्याला न परवडणारी टँडेम नगरपालिकेच्या क्रीडांगणावर पन्नास जणांना वापरता येईल.

त्यासाठी कायद्याचा आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ३० व्या कलमाने खेळातील सहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेशही आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपल्या ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत या ५ टक्क्यांचा हिशेब मागा. किती जमले, किती खर्ची पडले आणि कशावर, हे विचारा. विचारण्यापूर्वी गावातील अपंगांची सभा घ्या आणि त्यांना काय हवे ते त्यांच्याच तोंडून ऐका. भाकरीची मागणी मागे ठेवा असे मी म्हणत नाही. भाकरी मिळाल्यावर माणसाने घरातच बसावे, असे मात्र आपण समाजवाद्यांनी कधीच म्हटलेले नाही.