आधी आवाज, मग चित्र

विद्यापीठांत हल्ली व्याख्यानांचं चित्रीकरण जोरात चालतं. फोर-के कॅमेरा येतो, दिवे येतात, मागे निळा पडदा लागतो. सर बोलू लागतात आणि ऐकू येते ती पंख्याची घरघर, अन् चार भिंतींवर आपटून आलेला त्यांचा आवाज.

माझं सांगणं एकच आहे, आधी आवाज सांभाळा. चित्र थोडं अंधुक असलं तरी विद्यार्थी ते चालवून घेतो. एसटीत बसून, कानात इयरफोन घालून तो नुसतं ऐकतो. शब्दच कळेना झाले की मात्र तो व्हिडिओ बंद करतो.

माईक असतो कुठे? कॅमेऱ्यावर, वर्गाच्या पार मागच्या टोकाला! अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. गेन, म्हणजे माईकची पातळी, वाढवला तर घुमाराही वाढतो. म्हणून कॉलर माईक हनुवटीपासून वीतभर खाली लावा. पदर, ओढणी, मंगळसूत्र त्यावर घासत नाही ना, तेही बघा.

"एडिटिंगमध्ये बघू" म्हणणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे. तांदूळ न निवडता भात शिजवायचा आणि पानावर बसल्यावर खडे वेचायचे, असा हा प्रकार. सॉफ्टवेअर घुमारा कमी करतं, नाही असं नाही. पण खड्याबरोबर शितंही जातात, स, श, फ बोथट होतात. निवडायचं ते तांदूळ सुपात असतानाच. पंखा बंद, खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले, खाली सतरंजी. आणि निवडायला डोळे लागतात, तसे इथे कान लागतात. रेकॉर्डिंग संपेपर्यंत एक जण हेडफोन लावून बसलेला हवाच.

ही पद्धत नवी नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रानेही त्यासाठी कार्यक्रम केले. स्टुडिओ म्हटला की तेव्हा ध्वनिमुद्रणाला वेगळा माणूस असायचाच. आज एकच जण कॅमेरा लावतो, स्लाइड बदलतो, फोनही घेतो, मग आवाज ऐकणार कोण? हे काम विद्यार्थ्यांना शिकवा, ते आवडीने करतील. पुन्हा सांगतो, कॅमेरा नंतर घ्या, आधी माईक आणि हेडफोन घ्या.



तुमच्या विभागात उद्या रेकॉर्डिंग असेल, तर सरांना किंवा मॅडमना आधी एक मिनिट बोलायला सांगा. ते बोलणं हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका. प्रत्येक शब्द कळला, तरच पुढचा तास रेकॉर्ड करा.