आधार आणि स्वाधीनता
(मठाच्या वर्धापन-महोत्सवात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने झाली. त्यांच्या मागोमाग माझ्यासारख्या एका निवृत्त गणित-शिक्षकाने ‘यश, भय व स्वाधीनता’ या विषयावर बोलावे, अशी चालकांची आज्ञा झाली. ती बहुधा या कुबड्यांकडे पाहूनच झाली असावी. ती शिरसावंद्य मानून चार शब्द निवेदन करतो.

वयाच्या दुसऱ्या वर्षी, १९५६ साली, मला पोलिओ झाला. त्याचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो आणि थोड्या जणांच्या बाबतीत पृष्ठरज्जूतील, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींचा नाश करतो. हालचाल जाते, स्पर्शज्ञान मात्र शाबूत राहते. प्रांगणातील तापलेली फरशी माझ्या पायांना आपल्याइतकीच भाजते. फक्त पाय झटकन उचलता येत नाही. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा आपल्या देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. आमची ही जमात आता संपत चालली आहे, याचा आनंद आमच्याइतका दुसऱ्या कोणास होणार?

प्रथम भयाविषयी. कुबड्यांवर चालण्यास ज्यांनी मला शिकविले, त्यांनी पहिला धडा पडण्याचा दिला. तोल सुटताच कुबड्या बाजूस फेकाव्या, तळहात पुढे करावे, कोपरे किंचित वाकलेली ठेवावी. गादीवर असे शेकडो वेळा पडलो. त्याने भय नाहीसे झाले नाही; पण पडल्यानंतर काय करावयाचे ते ठाऊक असले, म्हणजे भय आपल्याला उंबरठ्याआत कोंडून ठेवू शकत नाही. याहून कठीण असते ते जिव्हाळ्याच्या माणसांचे भय. “बाळ, तू आपला घरीच बस,” असे आई कळवळून म्हणे. ते शब्द मायेचे असल्यामुळे त्यांना उत्तर देणे फार जड जाई.

आता यश. गुडघ्याशी कॅलिपरची कडी अडकवून, एका हाती कुबडी व दुसऱ्या हाती खडू घेऊन मी ३३ वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो. सभासमारंभांत लोक म्हणत, “अशा स्थितीतही मास्तर शिकवितात!” मुले मात्र एवढेच पाहत की, उदाहरण सुटले की नाही. मला मुलांची कसोटी अधिक मानाची वाटे. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा आपणांस विदित आहेच. समंगा नदीत स्नान केल्यावर त्याचे अवयव सरळ झाले, हे सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु जनकाच्या सभेत बंदीला त्याने जिंकले ते त्यापूर्वी, वाकड्या अंगानेच. द्वारपालाने अडविले तेव्हाही त्याने करुणा भाकली नाही. युक्तिवाद करून प्रवेश मिळविला.

गेल्या काही वर्षांत माझ्या दंडांतील व उजव्या पायातील उरलीसुरली शक्ती ओसरू लागली आहे. पोलिओनंतर अनेक दशकांनी असे घडते. विषाणू परत आलेला नसतो. ज्या पेशी वाचल्या, त्यांनी मेलेल्यांचा भार आयुष्यभर वाहिला व आता त्या थकल्या, असे वैद्यकाचे मत आहे. डॉक्टर सांगतात, शक्ती जपून खर्चा, लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची घ्या. ज्याने जन्मभर ‘अधिक कष्ट म्हणजे अधिक स्वातंत्र्य’ हे सूत्र गिरविले, त्याला हे ऐकणे सोपे नव्हे. अनेक रात्री याच विचारात गेल्या.

त्यातून जे उमगले, ते असे : आधार न घेणे म्हणजे स्वाधीनता नव्हे. आधार कोणता, केव्हा व किती घ्यावयाचा, हे ज्याचे त्याला ठरविता येणे म्हणजे स्वाधीनता. पायऱ्यांवर कोणी “मास्तर, सांभाळा!” म्हणत मागून दंड धरला, की कुबडीचा टेकू सुटतो व मी पडू लागतो. तोच गृहस्थ समोर येऊन “हात कसा देऊ?” असे विचारील, तर त्याच हाताने मी वर चढतो. हात तोच, भेद आहे तो विचारण्याचा.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सार्वजनिक वास्तू सर्वांस सुगम असाव्या, असे सांगितले. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार उंचीच्या १२ पट लांब असावा लागतो. ३ फुटांच्या चौथऱ्यास ३६ फूट. आपल्या प्रांगणात तेवढी जागा आहे. असा उतार झाला, तर पुढील उत्सवास माझ्यासारखे अनेकजण, तसेच गुडघे धरलेल्या वृद्ध माताही, कोणाच्या पाठुंगळी न बसता, आपल्या इच्छेने दर्शनास येतील व आपल्या इच्छेने परततील. एवढी विनंती श्रीचरणी सादर करून मी आपली रजा घेतो.