सभेतील पुनरुक्ती आणि अध्यक्षांचे कर्तव्य



ग्रामसभा म्हटली की एक व्यक्ती हटकून डोळ्यांसमोर येते. विषय अंदाजपत्रकाचा असो वा शाळेच्या पटसंख्येचा, ती उठून उभी राहते आणि मागील सभेतीलच प्रश्न त्याच शब्दांत मांडते. सभेत चुळबूळ सुरू होते, ‘पुन्हा तेच दळण’ अशी कुजबूज होते आणि दूरच्या वाडीवरून आलेल्या स्त्रिया आपले म्हणणे न मांडताच घरी परततात. अशा सभासदाशी कसे वागावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी तो लोकशाहीच्या मुळाशी जाणारा आहे.

हा प्रश्न आजचा नाही. 1870 नंतरच्या दशकात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जोसेफ बिगर, चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल आदी आयरिश सभासदांनी लांबलचक भाषणे करून कामकाज रोखण्याचे तंत्र अवलंबिले. 31 जानेवारी 1881 रोजी सुरू झालेली बैठक 41 तास चालली. अखेरीस सभापती हेन्री ब्रँड यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चर्चा थांबविली. पुढे चर्चा आटोपती घेण्याचे नियम झाले. नियमांनी भाषणे आवरली; आयर्लंडचे गाऱ्हाणे मात्र त्यामुळे मिटले नाही. या घटनेतील खरा बोध हाच होय.

आपल्या लोकसभेच्या कार्यपद्धतीतील नियम 356 देखील पुनरुक्तीविषयी आहे. जो सदस्य विषयांतर करीत राहतो, अथवा स्वतःचे वा इतरांचे युक्तिवाद कंटाळवाण्या रीतीने पुन्हा पुन्हा मांडतो, त्याच्या वर्तनाकडे अध्यक्ष प्रथम सभागृहाचे लक्ष वेधतात आणि त्यानंतर भाषण थांबविण्यास सांगू शकतात. हा नियम ग्रामसभेला लागू नाही. परंतु त्यातील क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. आधी जाणीव, मग निर्बंध. निर्बंध भाषणावर आहे, माणसावर नाही.

ग्रामसभेत तर अधिक जपावे लागते. तेथे बोलणारा हा कोणाचा प्रतिनिधी नसून स्वतः मतदार आहे. म्हणून सरपंचांनी प्रथम एकच गोष्ट तपासावी: या प्रश्नाला उत्तर मिळाले आहे काय? समजा, एखादा शेतकरी नळयोजनेच्या गळक्या वाहिनीविषयी चार सभांमध्ये विचारतो आणि इतिवृत्तात दर वेळी ‘चर्चा झाली’ एवढीच नोंद आढळते. तेथे दोष त्याच्या चिकाटीचा नाही, नोंदीचा आहे. काय ठरले, कोण करणार आणि केव्हापर्यंत, या तीन गोष्टी इतिवृत्तात आल्या आणि पुढील सभेच्या आरंभी वाचून दाखविल्या, तर पुष्कळशी पुनरुक्ती आपोआप ओसरते.

उत्तर दिलेले असूनही प्रश्न येत राहिला, तर पूर्वीचे उत्तर वाचून दाखवावे. नवीन माहिती असल्यास ती ऐकावी. नसल्यास सौम्य शब्दांत पुढील विषय पुकारावा. बोलण्याची कालमर्यादा सभेच्या प्रारंभीच जाहीर करावी आणि ती सर्वांना, सरपंचांच्या आप्तेष्टांनाही, सारखीच असावी. टोमणे, हशा वा वादावादी यांनी असा सभासद गप्प होत नाही. उलट त्याला बळच मिळते.

कार्यालयांतही हेच घडते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये सर्वसाधारणपणे 30 दिवसांत माहिती द्यावयाची असते. एकाच विषयावर वारंवार अर्ज येऊ लागले, तर अर्जदारावर शिक्का मारण्यापूर्वी ती माहिती फलकावर लावता येईल काय, याचा विचार व्हावा. स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य त्याच अधिनियमाच्या कलम 4 ने घालून दिले आहे.

एकाच्या आग्रहापायी शंभरांचा वेळ जाऊ नये, हे खरे. परंतु शंभरांच्या कंटाळ्यापायी एकाचे न्याय्य गाऱ्हाणे दडपले जाऊ नये, हेही तितकेच खरे. हा तोल सांभाळणे हेच अध्यक्षपदाचे खरे कर्तव्य होय.