ऊसतोडणी कामगाराचे मूल आणि गावाची ढाल
(राहुरी येथील सभेत केलेले भाषण)



२०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले. एकाची ओळख पटलेले शरीर दुसऱ्यालाही अडवते. लस म्हणजे अशी आगाऊ ओळख. रोग न भोगता शरीर प्रतिपिंडे तयार करते, आणि शत्रूचा चेहरा स्मरणात ठेवते.

परंतु लस ही केवळ ज्याची त्याची ढाल नव्हे. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा असंरक्षित माणसांना रोग देऊ शकतो. म्हणून शंभरातील सुमारे पंचाण्णव जण संरक्षित असतील, तरच साखळी तुटते. नऊ महिन्यांच्या आतील बाळाला नियमित लसीकरणात गोवराची लस दिली जात नाही. त्याचे रक्षण भोवतालच्या माणसांनीच करावयाचे असते. ही भिंत खचली की काय होते, ते २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव, भिवंडीत दिसले. तेथे बालके दगावली.

आता आपल्या उसाच्या फडाकडे पाहा. पाथर्डीहून, बीडहून कोयते येतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी आईबाप पहाटे फडात उतरतात आणि मूल कोपीत राहते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नेमका तो काळ हंगामात आला, तर नाव गावच्या नोंदवहीत राहते आणि मूल येथे असते. हा आईचा अडाणीपणा नव्हे. हा व्यवस्थेने पाडलेला खंड आहे.

भारतातून देवी १९७५ साली हटली, पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ साली आढळला. कार्यकर्ते दारोदार गेले, म्हणून हे घडले. आपणही तेच करू. हंगामाच्या आरंभी प्रत्येक तळावर मुलांची नोंद व्हावी, आरोग्यसेविका कोपीपर्यंत यावी, चुकलेला डोस तेथेच मिळावा. सरकारी लस मोफत आहे. त्यासाठी गावचा दाखला लागता कामा नये. हा खर्च कामगाराच्या मजुरीतून नव्हे, कारखान्याच्या आणि शासनाच्या तिजोरीतून व्हावा.

यात परोपकार नाही. कोपीतले मूल सुरक्षित नसेल, तर वाड्यातला पाळणाही सुरक्षित नाही.